उतरवलेला फ्लेक्स आणि न गेलेली जर्मनी

"अगं सत्कार झालाय तुझा, सत्कार! शाल घेतलीस, नारळ घेतलास, फेटा बांधून घेतलास, आन् आता म्हणतीस जात नाय? सत्कार माघारी देता येत असतो व्हय?"

ओरडत होते ते माझे धाकटे चुलते. देवगाव रंगारीहून मोटारसायकलवर आले होते, हेल्मेटही काढलं नव्हतं, आणि आमच्या गारखेड्याच्या दोन खोल्यांच्या घरात हेल्मेटच्या आतून ओरडत होते. काका नुसते बोलले तरी आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर पुढच्या महिन्यावर जातं. त्या दिवशी ते थेट दिवाळीपर्यंत गेलं असणार. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी मिक्सर बंद केला. चटणी राहिली तरी चालेल, पण एक शब्द सुटायला नको.

मी स्टुलावर बसले होते. मांडीवर लॅपटॉप, लॅपटॉपवर चार ओळींचं पत्र. जर्मनीतल्या एका विद्यापीठानं मला भूजलाच्या अभ्यासासाठी, म्हणजे जमिनीखालच्या पाण्याचं शास्त्र शिकायला, मास्टर्सला जागा दिली होती. मी ती स्वीकारली होती. आता त्या चार ओळींत मी कळवणार होते की घरच्या कारणामुळं मी येत नाही.

घरचं कारण खिडकीपाशी कॉटवर बसलं होतं. उजवा हात मांडीवर ठेवलेला, डावा हात काठीवर. माझे वडील. त्यांना सगळे अण्णा म्हणतात, मीही.

"अण्णा, तुमीच सांगा," काकांनी शेवटी हेल्मेट काढलं. "पोरीनं जायला पायजे का नाय?"

"व्हय," अण्णा म्हणाले.

"ऐकलं? ऐकलंस का?"

स्वयंपाकघराच्या दारातून आई हळूच म्हणाली, "अहो, पोरगी इथंच राहू दे ना?"

"व्हय," अण्णा म्हणाले.

गेले दोन महिने कुठल्याही प्रश्नाला अण्णांकडं हा एकच शब्द उरला होता. दुखतंय का, व्हय. दुखत नाही ना, व्हय. आमच्या घरात त्या शब्दावरून रोज निवडणूक व्हायची आणि रोज दोन्ही पक्ष जिंकायचे. अण्णांच्या मनात खरं काय आहे, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

आता माझे अण्णा कोण, हे सांगितल्याशिवाय या शब्दाचं दुःख कळायचं नाही.

अण्णा लासूर स्टेशनच्या बाजारात कांद्याचा लिलाव पुकारायचे. रोज सकाळच्या गाडीनं जायचे, संध्याकाळच्या गाडीनं यायचे. पुढं होणाऱ्या लेकराचं शिक्षण व्हावं म्हणून घर शहरात केलं आणि त्यांनी सत्तावीस वर्षं रुळांवर काढली. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांची रांग, तिच्या कडेनं चालणारे व्यापारी आणि त्यांच्या पुढं ट्रॉलीच्या फाळक्यावर एक पाय ठेवून, हातात काठी घेऊन उभे अण्णा. त्यांनी पुकारा केला की स्टेशनात उभी असलेली मालगाडी सुटायची, ड्रायव्हरला वाटायचं सिग्नल मिळाला. शेजारच्या स्टेशनावर, पोटूळच्या फलाटावर बसलेली माणसं तिथूनच बोली लावायची. एकदा एका वळूनं त्यांच्या आवाजाला घाबरून यार्डाचं फाटक स्वतःच्या शिंगांनी उघडलं आणि जाताना लावून घेतलं. यातलं निम्मं खरं आहे. कुठलं निम्मं, ते मला विचारू नका. मी त्याच माणसाची मुलगी आहे.

दिवसभर असं ओरडल्यावर घरी आले की अण्णा आवाज जपायचे. घरात ते जवळजवळ बोलतच नसत. भुवई उचलली की आई पाणी द्यायची. मान डावीकडं वळली की पंखा. दोन बोटं हलली की भाकरी, एक हललं तर अर्धी. सत्तावीस वर्षांत आई त्यांच्या चेहऱ्याची अशी वाचक झाली होती की अण्णांना घरात एक वाक्य पूर्ण करायची कधी गरजच पडली नाही. आम्ही याला संसार म्हणायचो. हेच पुढं आमच्या आड येईल असं कुणाला वाटलं असतं?

चैत्रातली गोष्ट. त्या सकाळी यार्डात तिसऱ्या ट्रॉलीवर बोली चालू होती. लिलावाची रीत सगळ्यांना माहीत असते, पुढं कुणी वाढवत नसलं की पुकारणारा म्हणतो एकवार, मग दोनवार, मग तीनवार, आणि माल शेवटच्या बोलीवाल्याचा. अण्णा एकवार म्हणाले. दोनवार म्हणाले. आणि थांबले.

नुसते उभे राहिले, तोंड अर्धवट उघडं.

आता अण्णांची एक खोड होती. माल चांगला असला आणि व्यापारी कंजूषपणा करायला लागले की ते दोनवारनंतर असेच थांबायचे, आभाळाकडं बघत. ती त्यांची धमकी होती. त्यामुळं त्या सकाळी सगळ्यांना वाटलं अण्णा भाव ताणतायत. एकानं बोली वाढवली. अण्णा गप्प. दुसऱ्यानं आणखी वाढवली. अण्णा गप्प. तिसरा म्हणाला, "बास करा की अण्णा, लई ताणलं," आणि त्यानंही वाढवली. त्या ट्रॉलीवरचा शेतकरी तर हरखून गेला होता. शेवटी अण्णांच्या हातातली काठी खाली पडली तेव्हा कुठं लोकांच्या लक्षात आलं.

ही गोष्ट मला तिथल्याच एका व्यापाऱ्यानं दवाखान्याच्या जिन्यात सांगितली. मोठा मिशीवाला माणूस, सांगताना लहान मुलासारखा रडत होता. "पोरी, आमी त्यांच्या अटॅकवर बोली लावली गं," म्हणाला.

डोक्यात रक्ताची गाठ अडकली होती. उजवा हात गेला, पाय निम्मा गेला, वाचा सगळी गेली. पाय परत आला. वाचेच्या जागी व्हय आला.

आणि हे सगळं कधी घडलं? तर माझ्या सत्कारानंतर बरोबर तीन आठवड्यांनी. माझं जर्मनीचं पक्कं झालं तसं काकांनी गाव डोक्यावर घेतलं होतं. मारुतीच्या ओट्यावर मांडव, माईक, शाल, नारळ, आणि मला फेटा बांधला तो इतका मोठा की फोटोत मी फेट्याखाली मिळत नाही. फाट्यावर फ्लेक्स लागला, वीस फुटी. मधोमध मी, माझ्या खांद्याशी काका, खाली सव्वीस शुभेच्छुकांचे गोल गोल फोटो, आणि पाठीमागं आयफेल टॉवर. फ्लेक्स छापणाऱ्याकडं परदेश म्हणून तेवढंच एक चित्र होतं. मी म्हटलं, काका, हा टॉवर फ्रान्सचा आहे. काका म्हणाले, "मंग काय झालं? वाटेत लागंल की."

तर आता तो फ्लेक्स फाट्यावर होता, अण्णा कॉटवर होते आणि माझी गाडी मध्येच अडकली होती.

अण्णांना वाचा परत शिकवायला आम्ही ज्या मॅडमकडं जायचो त्या शहरातल्याच, शहागंजकडच्या. एका औषधाच्या दुकानाच्या वर त्यांची खोली. मराठी आमच्यापेक्षा चांगलं बोलायच्या, पण रागावल्या की उर्दूत उतरायच्या, आणि आमच्यावर त्या बऱ्याचदा रागावायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी अण्णांसमोर चहाचा कप धरला.

"हे काय आहे? सांगा. वेळ घ्या."

अण्णांनी कपाकडं बघितलं. ओठ हलले. आणि आईनं कप मॅडमच्या हातातून काढून अण्णांच्या तोंडाला लावला.

"बाजी, तुम बीच में नक्को आओ!" मॅडम आईला म्हणाल्या. "त्यांना मागू द्या."

"पण त्यांना चहा पाहिजे होता हो," आई म्हणाली.

"वही तो! पाहिजे होता म्हणूनच मागितला असता ना."

मग त्यांनी चित्रांची एक वही दिली आणि आम्हाला बसवून सांगितलं. एक पान जमलं की पुढचं पान. आठवड्यातून दोनदा इथं यायचं, पण खरा अभ्यास घरी, रोज, सकाळ-संध्याकाळ, आणि पहिले काही महिनेच सगळ्यात मोलाचे. मेंदूला या दिवसांत वाटा शोधायची घाई असते, नंतर तो आळशी होतो. आणि जो माणूस यांच्या आधी यांचं उत्तर देतो, तो या खोलीत नको. मॅडमनी नाव घेतलं नाही. आई रिक्षात रडली.

आईला जमलं नाही. तिनं प्रयत्न केला नाही असं नाही. मी कप तिच्या हातात द्यायचे, ती दहापर्यंत मोजायची, अण्णांची भुवई हलायची आणि सहावर कप त्यांच्या हातात असायचा. तिच्या प्रेमाचा वेग आकड्यांपेक्षा जास्त होता.

मग काका आले. "तू तुझी तयारी कर," मला म्हणाले, "अण्णांना मी शिकवतो." चार दिवस राहिले. काकांची पद्धत अशी, की अण्णा बहिरे झालेत असं समजून कानाशी जाऊन ओरडायचं. "अण्णा! ह्ये केळं हाय! काय हाय?" अण्णा म्हणायचे, व्हय. "शाब्बास!" चौथ्या दिवशी काकांनी अण्णा नव्वद टक्के बरे झाल्याचं जाहीर केलं आणि गावाकडं जाऊन तसं सांगितलंही.

माझं म्हणाल तर मला एक देणगी जन्मजात आहे, मी हट्टी आहे. लहानपणी दुकानातली शिट्टी मिळाली नाही म्हणून मी त्या दुकानासमोर इतकी बसले की शेवटी दुकानदारानं दुकान हलवलं. मी अण्णांसमोर चहाचा कप धरून तासभर बसू शकत होते. चहा निवायचा, गरम करायचा, परत धरायचा. अण्णा माझ्याकडं असे बघायचे की यार्डात कुणी तसं बघितलं असतं तर मी पळाले असते. पण शब्द येत नव्हता. एक ते दहा म्हणा म्हटलं तर तेही नाही. तीन आठवडे फक्त व्हय.

एका सकाळी मीच वैतागले. समोर ताटात आईनं आणलेली वांगी होती. मी उठून स्टुलावर पाय ठेवला, अण्णांच्या थाटात, आणि बोंबलले, "वांगी! देवगाव रंगारीची वांगी! बोला, कुणाची बोली?" आईनं स्वयंपाकघरातून भीत भीत बोली लावली. मी म्हटलं, "एकवार! दोनवार! दिली!" आणि वांगी उचलून आईकडं निघाले.

"तीन!"

मागून आवाज आला. घोगरा, गंजलेला, पण यार्डातला. मी वळले. अण्णांचं तोंड लाल झालं होतं. डाव्या हातानं ते कॉटच्या दांडीवर आपटत होते.

"तीन! तीन... वार!"

अण्णांच्या आयुष्यात तीनवार म्हटल्याशिवाय माल सुटलेला नव्हता. असली चोरी त्यांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्या घरात, त्यांची पोरगी करत होती, हे त्यांना सहन होईना. व्हयच्या पलीकडचा पहिला शब्द त्यांनी रागानं बाहेर काढला. त्या दिवशी मी वांगी नऊ वेळा चुकीची विकली. कधी एकवारवर दिली, कधी थेट फुकट दिली, एकदा तर दोनवारनंतर म्हटलं, बरं, उद्या बघू. नऊ वेळा अण्णा ओरडले. आई कढईसमोर उभी राहून हसत होती आणि डोळे पुसत होती, भाजी जळली, जळकी खाल्ली, आणि तसली चविष्ट भाजी आख्ख्या मराठवाड्यात कुणी खाल्ली नसेल.

मॅडमना सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. "ये उनका दरवाजा है," म्हणाल्या. "सत्तावीस वर्षं रोज म्हटलेलं ते. ते वेगळ्या कप्प्यात असतं, तिथं पाणी शिरलेलं नाही. पण बेटा, लिलावात ठेवू नका त्यांना. हळूहळू बाहेर आणा. आधी तीन. मग मालाचं नाव. मग मालात काय खोट आहे ते. तक्रार करायला शिकले की अर्धं काम झालं."

"कोण करणार हे?" मी विचारलं, मला उत्तर माहीत असूनही.

मॅडम म्हणाल्या, "जिसको गलत पुकारना आता है."

आई कधी ओरडली नव्हती. काकांना मुद्दाम चुकायला जमत नाही, ते चुकतात ते बरोबर समजूनच. उरले मी.

त्या रात्री मी झोपले, उठले, आणि ठरलेलं होतं. लोकांनी नंतर ही गोष्ट फार वळवून सांगितली. बिचारी, बापासाठी सोडलं, नशीब. बिचारी वगैरे काही नव्हते मी. मी ठरवेपर्यंत मला कुणी थांबवलं नाही, कुणी डोळ्यात पाणी आणून अडवलं नाही, उलट आई तर दर दोन दिवसांनी माझी बॅग उघडून तिच्यात काहीतरी ठेवायची. मी आधी विद्यापीठाला विचारलं होतं, जागा वर्षभर राखता का. त्यांनी दोन ओळींत कळवलं की राखता येत नाही, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करावा, खात्री देता येणार नाही. सभ्यपणे कळवलं. बोट ठेवायला जागा नव्हती.

आणि मला जायचं नव्हतं असंही नाही. मला इतकं जायचं होतं की मी आरशासमोर जर्मन बोलायचे आणि आरशातली मला दुरुस्त करायची. आमच्या भागातल्या विहिरी आणि बोअर बघत मी वाढले, पाणी खाली खाली का जातं आणि कुठं थांबतं हे मला तिकडच्या लोकांकडून शिकायचं होतं. ते सोडायचं ठरवल्यावर मी रडले. वॉशिंग मशीन चालू करून, त्याच्या आवाजात. आमचं मशीन म्हातारं आहे, एका धुण्याला सव्वा तास लावतं. तेवढ्यात रडून झालं. कपडे वाळत घातले आणि काकांना फोन केला. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी ते हेल्मेटसकट आले.

"काय सांगू मी लोकांला?" काका आता खुर्चीवर बसले होते, आवाज उतरला होता. "सव्वीस जणांचे फोटो हायेत त्याच्यावर. एकेकाला मी स्वतः सांगितलंय, आपली पोरगी चालली. मला फाट्यावर चहा कुणी पाजणार नाय."

"मीच येते फाट्यावर. मीच सांगते."

"आन् अण्णांना काय वाटंल? त्यांनी तुला शिकवलं ते कॉटसमोर वांगी विकायला?"

हे मात्र लागलं. खरं सांगते, कारण हाच प्रश्न मी स्वतःला विचारायचं टाळत होते. मी अण्णांकडं वळले. त्यांच्यासमोर खाली बसले. "अण्णा," म्हटलं, "मी जात नाहीये. तुमची वाचा आली की मग बघू. चालेल?"

अण्णांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं. ओठ जुळवले, सोडले. परत जुळवले. आई दारात पुढं झाली, मी हात करून तिला थांबवलं. काका गप्प राहिले, ही त्यांच्या आयुष्यातली पहिली वेळ असावी.

"व्हय," अण्णा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा झाला की त्यांना ते म्हणायचंच नव्हतं. की होतं? आई म्हणाली, बघ, चालेल म्हणतायत. काका म्हणाले, चालेल म्हणत नाय, बघ तोंडाकडं.

मी बटण दाबलं. पत्र गेलं. दुपारपर्यंत उत्तर आलं, तुमचा निर्णय नोंदवला आहे, पुढील वाटचालीस शुभेच्छा. माझी जागा कुणाला मिळाली असेल? त्या मुलीला किंवा मुलाला मी मनातल्या मनात पाण्याचे चार प्रश्न देऊन टाकले.

रविवारी मी काकांच्या मागं बसून फाट्यावर गेले. शिडी लावून स्वतः वर चढले. काका खालून शिडी धरून सूचना देत होते, "आधी माझी बाजू सोड, नायतर मी फाटंन." मी दोऱ्या कापत होते, तेवढ्यात देवळाकडून एक म्हातारी आली. ओळखीची, लहानपणी मला बोरं द्यायची. वर बघून म्हणाली, "आगं, आलीस व्हय परत? लवकर आलीस! कसं हाय तिकडं?"

आता मी काय करावं? माझ्या तोंडाला सवय. मी शिडीवरूनच सुरू झाले, लई थंडी आज्जी, इतकी थंडी की माणूस बोलला तर शब्द गोठून खाली पडतात, लोक ते वेचून घरी नेतात आणि शेगडीवर ठेवून ऐकतात. म्हातारी कौतुकानं मान हलवत होती. आणि मध्येच माझा आवाज थांबला. गोठलेले शब्द शेगडीवर ठेवून ऐकायचे, हे मी कुणाबद्दल बोलत होते?

मी खाली उतरले. "आज्जी, गेलेच नाही मी," म्हटलं. "अण्णांना बोलायला शिकवतेय."

म्हातारीनं सुटून खाली लोंबणारं फ्लेक्सचं टोक चाचपून बघितलं. "बरं," म्हणाली. "मंग ह्यो फलक कांद्यावर झाकायला मला दे. पावसाचं लागतंय."

काका काही बोलायच्या आत मी दिला. वीस फुटांचा मजबूत फ्लेक्स, सव्वीस शुभेच्छुक, एक आयफेल टॉवर. फाट्यावरच्या चहावाल्यानं काकांना चहा दिला, मलाही दिला. पेपरात बातमी नाही, गावात बभ्रा नाही. काकांना थोडं वाईटच वाटलं असावं.

मग महिने गेले. मी शहरात पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत अर्ध्या दिवसाचं काम धरलं. सकाळी सात ते नऊ अण्णा, मग काम, संध्याकाळी परत अण्णा. घरातल्या प्रत्येक वस्तूचा मी लिलाव केला. कप, चपला, पंखा, खालच्या बाईंचा मिक्सर. आषाढात अण्णा मालाचं नाव सांगायला लागले. श्रावणात खोट काढायला लागले, "चप्पल... जुनी." गणपतीत त्यांनी आईला लिलावाबाहेर, कुणी न विचारता, म्हटलं, "मीठ." आईनं मीठ दिलं नाही. ती हात मागं बांधून उभी राहिली आणि म्हणाली, "मीठ काय?" अण्णा म्हणाले, "कमी." मग दिलं. ती बाई सहापासून दहापर्यंत मोजायला चार महिन्यांत शिकली होती, मी जर्मन शिकायला दोन वर्षं घेतली.

पण वाक्य नव्हतं. दोन शब्दांच्या पुढं गाडी जात नव्हती. आणि मी, अधूनमधून, अगदी सहज विचारल्यासारखं करून विचारायचे, "अण्णा, मी गेले नाही ते बरं झालं ना?" ते म्हणायचे व्हय. मी ते माझ्या बाजूनं धरायचे आणि कामाला लागायचे. मला त्याची गरज होती, मी लबाडी करत होते हे मला कळत होतं, तरी विचारायचे.

दिवाळी होऊन गेली. जर्मनीत वर्ग सुरू होऊन महिना झाला असेल. एका सकाळी अभ्यास संपला होता, आई भाकऱ्या थापत होती, मी डबा भरता भरता प्रयोगशाळेतल्या गमती सांगत होते. कुणीतरी बोअरचं पाणी तपासायला दारूच्या बाटलीत आणलं होतं आणि आमचे साहेब अर्धा तास वास घेत बसले होते. "असं पाणी जर्मनीत कुठं मिळालं असतं?" मी म्हटलं. "बरं झालं ना अण्णा, नाही गेले ते?"

अण्णांनी कप खाली ठेवला.

मी व्हयची वाट बघत डब्याचं झाकण लावत होते. व्हय आला नाही. मी वर बघितलं. ते माझ्याकडंच बघत होते, आणि त्यांचा गळा ट्रॉलीवर उभं राहिल्यावर व्हायचा तसा ताठ झाला होता.

"जायला," अण्णा म्हणाले.

भाकरीचा आवाज थांबला.

"पायजे..." त्यांनी श्वास घेतला. "व्हतं."

आई पिठाच्या हातांनी दारात आली. छातीत एकाच वेळी कुणी बुक्की मारावी आणि कुणी हलगी वाजवावी तसं झालं. कुणी सुरू करून दिलेलं नाही, लिलाव नाही, चित्र नाही. त्यांच्या स्वतःच्या मनातलं, सहा महिने व्हयच्या मागं अडकलेलं. आणि ते माझ्या विरोधात.

अण्णांचे डोळे भरले होते. माझेही. तरी मी पुढं जाऊन त्यांना म्हटलं, "ऐकलं. आता उशीर झाला. पुढच्या वर्षी परत अर्ज करीन, तोपर्यंत तुम्ही माझ्याशी असंच भांडायला शिकायचं." ते हसले, का रागावले, तोंडाची उजवी बाजू अजून नीट हलत नाही म्हणून सांगता येत नाही.

मग मी मॅडमना फोन लावला. गॅलरीत उभी राहून इतक्या मोठ्यानं बोलत होते की समोरच्या बिल्डिंगमधल्या माणसानं मला हात केला.

"मॅडम, वाक्य! आख्खं वाक्य! तीन शब्द!"

"कुणी सुरू करून दिलं?"

"कुणी नाही."

"लिलाव चालू होता?"

"नाही. भाकऱ्या चालू होत्या."

"काय म्हणाले?"

मी सांगितलं. पाठीमागं त्यांच्या खोलीत कुणीतरी पेशंट सावकाश म्हणत होता, के... ळं.

"वाक्य पूर्ण आहे," मॅडम म्हणाल्या. "उद्यापासून वहीचं पुढचं पान घ्या."